शर्यतीला काठ लागतो

कोकणातल्या होड्यांच्या शर्यतींचा इतिहास लिहायचा म्हटला तर कागद फारसा हाती लागत नाही. देवळांतल्या मानपानाचे वाद कोर्टात गेले आणि त्यांचे दस्त झाले, खोतीचे हक्क दप्तरांत उतरले, कोणत्या बंदरात कोणता माल आला हेही इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत सापडते. पण नारळी पौर्णिमेला खाडीत कोणाची होडी पुढे आली, हे लिहून ठेवावे असे कोणाला वाटले नाही. आमच्याकडे, म्हणजे मालवण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात, जी काही नोंद आहे ती शर्यत भरवणाऱ्या मंडळाच्या खोलीतल्या फिरत्या ढालीवर आहे. लाकडी ढाल, मधोमध पितळेची होडी, भोवती बोटाच्या पेराएवढ्या पट्ट्या आणि त्यांवर वाडीचे नाव व साल. खारी हवा पितळेला सोडत नाही. जुन्या पट्ट्यांवरची अक्षरे हिरव्या थराखाली गेली आहेत, आणि काहींचे खिळे निसटल्यामुळे त्या खालच्या कपाटात एका प्लास्टिकच्या डबीत पडून आहेत. गावाच्या शर्यतीचा दप्तरखाना म्हणायचा तो एवढाच.

या ढालीवर जिंकणाऱ्यांची नावे आहेत. ती शर्यत पाहायला लोक कुठे उभे राहत, हे तिच्यावर नाही, आणि मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हेच. लाकडाच्या होड्या कमी होऊन फायबरच्या आल्या, बक्षिसाची रक्कम वाढली, वल्हवणाऱ्यांची एक पिढी मुंबईला गेली, तरी शर्यत टिकून राहिली. ती डळमळली ती काठ गेल्यावर.

शर्यतीची वेळ पाणी ठरवते. आमच्याकडे भरतीचा अंदाज तिथीवरून बांधतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पुरी होण्याची वेळ साधारण हाती येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरती-ओहोटीचे तक्ते आता मोबाइलवर मिळतात आणि ते अधिक अचूक असतात, तरी मंडळाच्या बैठकीत वेळ ठरते ती याच हिशोबाने. नंतर एखादा तरुण तक्ता पाहून थोडाफार फरक सांगतो, तेव्हा वडीलधारी मंडळी ऐकले न ऐकलेसे करतात. पौर्णिमेच्या उधाणामुळे खाडीच्या दोन्ही अंगांचा चिखल पाण्याखाली जातो, पात्र रुंद होते, आणि भरती पुरी झाल्यावर सुकती, म्हणजे ओहोटी, लागण्याआधी पाणी थोडा वेळ थांबल्यासारखे होते. शर्यत त्या अवधीत उरकायची असते. उशीर झाला तर पाण्याची ओढ समुद्राकडे सुरू होते. मग जाताना सगळ्याच होड्या भरधाव जातात, आणि परतताना ज्याच्या वाट्याला काठालगतचे संथ पाणी येते त्याला फुकटचा फायदा मिळतो. त्यावरून झालेली भांडणे मी पाहिली आहेत. एका वर्षी तर निकालाचा वाद गणपतीपर्यंत चालला होता, आणि ज्या घरांत एरवी एकमेकांच्या आरतीला जाणे-येणे होते ती घरे त्या वर्षी आपापल्या आरत्या आपापल्या घरी करून मोकळी झाली.

शर्यतीतली पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे वळण. आमच्याकडच्या जुन्या होडीला उलांडी असते: होडीपासून थोड्या अंतरावर, दोन आडव्या दांड्यांना बांधलेला, हलक्या लाकडाचा तरंगता ओंडका. अरुंद होडी लाटेवर कलंडू नये म्हणून ही योजना. मी पाहिलेल्या होड्यांची उलांडी डाव्या बाजूला असते. सरळ जाताना ती नुसती सोबत येते. वळताना मात्र तिच्याकडे लक्ष द्यावे लागते, कारण तिला पाणी अडते आणि होडी तिच्याच बाजूला वळायला बघते. म्हणून खाडीत नांगरलेल्या निशाणाच्या होडीला वळसा घालायचा तो डावीकडूनच, उलांडी आत ठेवून, असा नियम आहे. निशाण जवळ आले की पाठीमागे बसलेला तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आपले वल्हे पाण्यात उभे रोवतो, डाव्या अंगाचे वल्हवणारे हात आखडतात, उजवीकडचे दुप्पट जोराने मारतात, आणि नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, निशाणाच्या दोरखंडाला घासते न घासते अशी फिरते. दोरखंडाला उलांडी अडकली तर शर्यत तिथेच संपली. आमच्या एका जुन्या तांडेल आबांना मी विचारले होते की वळणावर जोर कोणाचा लागतो. ते म्हणाले, “जोर सगळ्यांकडेच असता रे. ताल चुकलो काय होडी थयच्या थय गिरकी खाता.” त्यांच्या होडीवर ताल धरण्यासाठी कोणी ओरडत नसे. नाळेकडचा पहिला गडी वल्हे उचलताना कोपर होडीच्या कडेवर आपटायचा, आणि त्या ठक् आवाजावर बाकीचे चालायचे. काठावर उभे राहिले तर तो आवाज पाण्यावरून स्पष्ट ऐकू येई.

वल्हवण्याची ही कला शर्यतीसाठी जन्माला आलेली नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत या किनाऱ्यावर ती लढाईची कला होती. सिंधुदुर्गाचे बांधकाम १६६४ साली सुरू झाले, तेव्हाही मराठ्यांच्या आरमारात गुराबांच्या, म्हणजे मोठ्या शिडाच्या लढाऊ जहाजांच्या, बरोबरीने गलबते होती, आणि आंग्र्यांच्या मोठ्या गलबतांना चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला की शिडाची परदेशी जहाजे जागच्या जागी खिळत, आणि त्या वेळी वल्ह्यांवर चालणारी गलबते त्यांना मागून गाठत. १७५६ साली विजयदुर्गात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, आणि त्यासाठी इंग्रजांना साथ पेशव्यांची होती, हे कोकणी माणूस आजही दुखऱ्या स्वरात सांगतो. आरमार गेले तरी वल्ही मारणारे हात इथेच राहिले. ते हात पुढे तरीवर, म्हणजे उतारूंना खाडीपलीकडे नेणाऱ्या होडीवर, आले, रापणीवर आले, आणि मुंबईहून येणाऱ्या आगबोटी जिथे धक्क्याला लागू शकत नसत तिथे उतारूंना पडावांतून काठावर आणू लागले.

यांपैकी रापण सर्वांत महत्त्वाची, कारण शर्यतीचे पुष्कळसे गडी तिथेच तयार झाले. रापणीत जाळ्याच्या एका टोकाचा दोर काठावर ठेवून होडी समुद्रात जाते, जाळे सोडत मोठा अर्धवर्तुळाकार वळसा घेते आणि दुसरे टोक घेऊन पुन्हा किनाऱ्याला येते. मग दोन्ही दोर धरून वाडीतली सगळी माणसे जाळे ओढतात आणि मासळीचे वाटे पडतात. या वळशाला उशीर झाला की मासळीचा थवा निसटतो. म्हणजे रोजच्या धंद्यातच वेग, वळण आणि काठाला परत येणे ही तिन्ही कामे होती. नारळी पौर्णिमेची शर्यत ही त्याच कामाची एका दिवसापुरती केलेली करमणूक होती, आणि पैजा त्यात नंतर आल्या.

पुढे दोन गोष्टी झाल्या. छोट्या होड्यांनाही यंत्रे बसली, आणि खाड्यांवर पूल झाले. पुलांविषयी तक्रार करणे मला शोभणार नाही, कारण रात्री-अपरात्री अडलेल्या बाईला तरीतून पलीकडे नेण्याच्या कथा माझ्या घरातही आहेत आणि त्यांतल्या सगळ्यांचा शेवट चांगला नाही. पण पूल झाला त्या दिवशी तर बंद झाली. तर बंद झाली म्हणजे उतारू थांबले एवढेच नव्हे, तर रोज वल्हे मारणारा माणूस गावात राहिला नाही. आता शर्यतीच्या पंधरवड्याआधी तरुण मुले संध्याकाळी होडी काढून सराव करतात, तळहाताला फोड येतात, आणि वडील हसतात.

काठाचा विचार माझ्या मनात पक्का झाला तो आमच्या गावामुळे नव्हे, तर एका दूरच्या शर्यतीविषयी वाचून. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यात ओत्सेगो नावाचा तलाव आहे आणि त्यातून सस्क्वेहाना नदी निघते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, १७७९ च्या उन्हाळ्यात, जनरल जेम्स क्लिंटन यांच्या फौजेला या नदीतून दक्षिणेकडे जायचे होते, पण उन्हाळ्यात नदीला पुरेसे पाणी नव्हते. त्यांनी तलावाच्या तोंडावर बांध घातला, पाणी चढू दिले, आणि ऑगस्टमध्ये बांध फोडून त्या लोंढ्याबरोबर दोनशेहून अधिक नावा खाली नेल्या. १९६३ पासून त्या प्रवासाच्या आठवणीत कॅनूंची शर्यत होते: तलावाकाठच्या कूपर्सटाउनपासून बेनब्रिज या छोट्या गावापर्यंत, एका दिवसात ७० मैल, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटर. कॅनू ही वल्ह्याने चालवायची अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती होडी. शर्यत मे महिन्याच्या अखेरीस, तिकडच्या सैनिक-स्मृतिदिनाच्या सुट्टीला जोडून असते, आणि जिथे ती संपते तिथे नदीकाठी जनरल क्लिंटन यांच्याच नावाचे मैदान आहे.

या कथेला दुसरी बाजू आहे, आणि ती न सांगता पुढे जाणे बरे नव्हे. क्लिंटन ज्या मोहिमेसाठी निघाले होते तिने इंग्रजांच्या बाजूने असलेल्या इरोक्वा लोकांची चाळीसच्या आसपास गावे जाळली, उभी पिके तोडली. कॅनू ही मुळात तिथल्या मूळ रहिवाशांची होडी. तिच्या शर्यतीला त्यांची गावे जाळणाऱ्या सेनापतीचे नाव असावे, याचा तिकडच्या लोकांनी काय विचार करायचा तो करावा. मला त्यातून घेण्यासारखी वाटली ती फक्त व्यवस्था. त्या गावाने शर्यत सुरू केली तशी तिला जागाही दिली. लोकांनी कुठे बसायचे, नावा कुठे ओढायच्या, थकलेल्या माणसाला कुठे झोपवायचे, हे दर वर्षी नव्याने ठरवावे लागत नाही. वर्षाचे बाकीचे दिवस ते मैदान मुलांच्या खेळाला आणि सहलींना असते, आणि त्यामुळेच ते शर्यतीसाठी शिल्लक राहते. जी जागा वर्षातून एकदाच लागते ती कोणीही बळकावतो.

केरळात हीच गोष्ट वेगळ्या रीतीने साधली आहे. १९५२ च्या डिसेंबरात पंडित नेहरू आलप्पुळ्याला गेले, तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी चुंडन वळ्ळम या लांबलचक होड्यांची शर्यत झाली. नडुभागम गावची नाव पहिली आली आणि नेहरू उत्साहाच्या भरात तिच्यावर जाऊन चढले, हे प्रसिद्ध आहे. दिल्लीला परतल्यावर त्यांनी नावेच्या आकाराचा रुप्याचा चषक पाठवला आणि त्यावर त्या शर्यतीचा उल्लेख त्रावणकोर-कोचीनच्या समाजजीवनाचे वैशिष्ट्य असा करवून घेतला. शंभर फुटांहून लांब आणि शंभराच्या आसपास वल्हवणारे असलेली ती नाव आंजिलीच्या लाकडाची, म्हणजे आपल्याकडच्या रानफणसाची. तिचा मालक एखादा धनिक असू शकतो, पण पुष्कळदा ती गावाची असते. आरन्मुळ्याला तर प्रत्येक नाव एकेका गावाच्या नावाने ओळखली जाते आणि देवळाशी बांधलेली असते. पुन्नमडा तलावावर शेवटच्या रेषेजवळ बांधलेला मंडप आहे, दोन्ही काठांवर माणसे उभी असतात. म्हणजे तिथे नावही समाईक आणि काठही समाईक. आमची होडी मात्र कोणा एकाची असते, आणि शर्यत संपली की दुसऱ्या दिवशी ती त्याच्या धंद्यावर जाते. मला आमची ही रीत कमी प्रतीची वाटत नाही. जी होडी काल कालवांच्या पाट्या वाहत होती तीच आज निशाणाला वळसा घालते, यात एक ऐट आहे. फक्त मग समाईक म्हणावे असे एकच उरते, आणि ते म्हणजे काठ.

जपलेला काठ पाहायचा तर आमच्या जिल्ह्यात सावंतवाडीला जावे. राजवाड्यासमोरचा मोती तलाव १८७४ सालचा. शहराच्या मधोमध पाणी, त्याला वळसा घालणारा रस्ता, संध्याकाळी फिरणारी माणसे, केशवसुत कट्ट्यावर बसलेले निवृत्त शिक्षक, भाद्रपदात गणपती साण्यावर विसर्जनाची गर्दी. जवळच जनरल जगन्नाथराव भोसले यांच्या नावाचे उद्यान आहे. आझाद हिंद सेनेचे चीफ ऑफ स्टाफ राहिलेला हा सावंतवाडी संस्थानातला माणूस स्वातंत्र्यानंतर लोकसभेवर निवडून गेला, केंद्रात पुनर्वसन खात्याचा उपमंत्री झाला, आणि निर्वासितांच्या मुलांसाठी त्याने सुरू केलेली राष्ट्रीय शिस्त योजना पुढे देशभरच्या शाळांत गेली. त्या उद्यानात घसरगुंडीवर चढणाऱ्या मुलांना हे ठाऊक असण्याचे कारण नाही. पाण्याशेजारी सेनापतीच्या नावाची बाग हा योगायोग सस्क्वेहानाच्या काठी आणि सावंतवाडीत सारखाच आहे; फरक इतकाच की आमच्या सेनापतीच्या बागेशेजारच्या पाण्यात शर्यतीच्या होड्या नाहीत. तलावात चालतात त्या पायांनी फिरवायच्या, आणि त्यांत बसलेल्यांना पुढे जाण्याची घाई नसते.

मोती तलावात शर्यती भरवाव्यात अशी सूचना अधूनमधून कोणीतरी करतो. मला ती पटत नाही. सावंतवाडी हे लाकडी खेळण्यांचे आणि गंजिफांचे गाव आहे, चितार आळीत आजही रंगाचा वास येतो. होडी हा त्या गावाचा धंदा कधी नव्हता. बाहेरून होड्या आणून, ट्रकमधून उतरवून, ध्वनिक्षेपकावर सूत्रसंचालकाचा घसा बसेपर्यंत ओरडून जे होईल त्याला महोत्सव म्हणता येईल. धामापूरच्या तलावाबद्दल तर अशी सूचनाही होऊ नये. १५३० साली नागेश देसाई आणि गावकऱ्यांनी दोन डोंगरांमध्ये मातीचा बांध घालून केलेला तो तलाव आहे, काठावर भगवतीचे देऊळ आहे, आणि २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तूचा मान दिला, तो पाणी शेतीला पोचवण्याचे काम इतकी शतके चालू राहिले म्हणून. तिथे भगवतीच्या पायऱ्यांवर बसून गर्द हिरव्या पाण्याकडे पाहावे आणि उठून यावे. प्रत्येक पाण्यावर काहीतरी झालेच पाहिजे ही हौस अलीकडची आहे.

म्हणजे सावंतवाडीला काठ आहे पण होड्या नाहीत, आणि आमच्याकडे होड्या आहेत पण काठ राहिला नाही. तो कसा गेला हे गावाचे नाव न घेता सांगतो, कारण प्रकरण अजून मिटलेले नाही. तरीचा जुना धक्का जांभ्या दगडाचा होता. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि मागे उंडीच्या झाडांखाली पाच-सहाशे माणसे सहज मावतील एवढी पड जागा. शर्यतीच्या दिवशी पायऱ्यांवर बायका बसत, मुले पाण्याच्या अगदी कडेला, झाडाखाली पंच आणि चहावाला. तर बंद झाली तसे धक्क्याकडे कोणी फिरकेना. मागची जमीन कोणाची, हा प्रश्न तर चालू असेतो कोणाला पडला नव्हता. मग एका वर्षी लगतच्या जागेला चिऱ्यांचे कुंपण आले, पुढच्या वर्षी त्या कुंपणाने वाटेला वळसा घातला, आणि त्यानंतर वाटेवर फाटक बसले. फाटकावरची पाटी खाडीचे दृश्य असलेल्या खोल्यांची आहे. धक्का अजून जागेवर आहे, फक्त तिथे जायचे तर होडीतून जावे लागते.

त्यामुळे गेली काही वर्षे लोक शर्यत पुलावरून पाहतात. पुलाने तर संपवली आणि आता तोच शर्यतीचा सज्जा झाला आहे. तिथून होड्या दिसतात, पण डोक्यावरून: टोप्या, पाठी आणि वल्ह्यांची टोके. वळण दिसत नाही, कारण निशाण पुलापासून दूर असते. कोपर आपटल्याचा आवाज तर मोटारींच्या रहदारीत येणेच शक्य नाही. पोलीस येऊन माणसांना पुढे सरकायला सांगतात आणि त्यांचेही बरोबर असते, कारण पुलाला पादचाऱ्यांसाठी जेमतेम हातभर जागा आहे. म्हाताऱ्या बायका येईनाशा झाल्या. ज्यांच्या नवऱ्यांनी आणि भावांनी त्या ढालीवरच्या पट्ट्या मिळवल्या त्याच बायका. त्या आल्या नाहीत की मुलींना आणणारे कोणी नाही, आणि पाहायला कोणी नसेल तर सरावाला पोरे येत नाहीत. मंडळाने दोन वर्षे बक्षीस वाढवून पाहिले. बक्षिसासाठी दुसऱ्या तालुक्यातून होड्या आल्या आणि जिंकून गेल्या. गावातली गर्दी वाढली नाही.

काठ परत मिळावा म्हणून कोणी बाग करा म्हणते, तेव्हा मला थोडी धडकी भरते. बाग म्हटले की आपल्याकडे आधी कारंजे येते, मग काँक्रीटचा डॉल्फिन, मग गावाच्या नावापुढे तांबडे हृदय लावलेली फोटो काढण्याची जागा. खाडीकाठाला यातले काहीच चालत नाही. भरतीरेषेपासून ठरावीक अंतरात बांधकामावर १९९१ च्या सागरी किनारा अधिसूचनेपासून बंधने आहेत; तिवरांचा पट्टा तोडणे तर बेकायदेशीरच, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली त्याच्या भोवतीच्या ५० मीटरांनाही संरक्षण दिले आहे. हे नियम आमच्या बाजूचे आहेत असे मी मानतो. पांढरी चिप्पी २०२० पासून राज्याचा कांदळवन वृक्ष आहे, ती आमच्या धक्क्याच्या डाव्या हाताला मुबलक आहे, आणि तिच्या मुळांत वाढणाऱ्या मासळीवर त्या होड्यांचा धंदा चालतो. तेव्हा हवे आहे ते इतकेच: जुन्या पायऱ्यांचे निखळलेले चिरे पुन्हा बसवणे, उंडीच्या झाडांना पार, होड्या वर ओढायला एक उतार, आणि कोणाचीही परवानगी न घेता तिथपर्यंत जाता येईल अशी वाट. बाकी सगळे तिथे आधीपासून आहे. एरवी तिथे जाळी वाळत पडतील, पोरे क्रिकेट खेळतील, संध्याकाळी दोन-चार माणसे गप्पा मारत बसतील. तेवढ्याने ती जागा गावाची राहील.

दुसरी अडचण पंचांगाची आहे, आणि तिच्यावर कोणाकडेच तोडगा नाही. पूर्वी नारळ पाण्यात सोडला की मासेमारीचा हंगाम सुरू होई, म्हणून शर्यतीला सगळे गडी घरी असत. आता यांत्रिक होड्यांची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी इंग्रजी तारखांनी ठरते आणि नारळी पौर्णिमा तिथीने येते. २०२५ साली ती ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, तर २०२६ साली अधिक महिन्यामुळे ऑगस्टच्या अखेरीस. म्हणजे शर्यतीच्या दिवशी चांगले वल्हवणारे खलाशी मोठ्या ट्रॉलरवर समुद्रात असतात, आणि तांडेलाला आधी फोन करून दोन दिवसांसाठी माणसे सोडायला विनवावे लागते. काही तांडेल सोडतात. काही जण म्हणतात, पापलेटाच्या दिवसांत शर्यत कसली. हा वाद मंडळाच्या प्रत्येक बैठकीत निघतो, आणि शर्यत जुलैअखेरीला घ्यावी असे म्हणणारा एक गट आहे. पण त्या दिवसांत पावसाचे लोंढे खाडीत उतरत असतात, आणि नारळाशिवाय शर्यत ही कल्पना बायकांना मान्य नाही.

गेल्या बैठकीत वाटेसाठी अर्ज करायचे ठरले. धक्का एका खात्याच्या नावावर, मागची पड जागा दुसऱ्या, तिवरांचा पट्टा तिसऱ्या. म्हणून अर्जाच्या तीन प्रती काढल्या. सोबत पुरावा काय जोडायचा? तरीची ये-जा चालत होती याचा गावाकडे लेखी कागद नाही. शेवटी डबीतल्या सुट्या पट्ट्या चिंच लावून घासल्या, तेव्हा त्यांतल्या दोहोंवर सालाच्या खाली बारीक अक्षरांत ‘तरीचा धक्का’ असे शर्यतीचे ठिकाण कोरलेले निघाले. त्यांचे फोटो जोडले आहेत. हा पुरावा चालतो की नाही हे तलाठी आप्पा विचारून सांगणार आहेत, आणि तोवर खजिनदारांनी निशाणाच्या होडीसाठी नवा दोरखंड आणायला पैसे काढून ठेवले आहेत.